तीन ओळी लिहून कुणी सुखी होतं का?

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही हा विषय निघाला की प्रश्न ठरलेला: "रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहून कुणी सुखी होतं का हो?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण पुरतं ऐकून घ्या. बहुतेकांच्या कानावर कृती अर्धीच आलेली असते.

सलग सात रात्री, झोपण्याआधी, दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढं ती का घडली तेही. हा 'का' सगळे गाळतात. 'मुलं बरी, तब्येत ठीक, देवाची कृपा' ही यादी चौथ्या रात्री पाठ होते, मग नुसता हात चालतो. त्याऐवजी असं लिहा: 'खानापूरच्या बसला बसायला मिळालं. का? शेजारच्या मावशींनी भाजीची पिशवी मांडीवर घेतली.'

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध केला. तुलनेसाठी एका गटाला रोज रात्री फक्त जुन्या आठवणी लिहायला सांगितल्या होत्या. आठवडा संपला तेव्हा तेही खुशीत होते! पुढच्या आठवड्यात ते होते तिथंच परतले. तीन गोष्टीवाल्यांचा आनंद वाढलेला दिसला तो महिन्याभरानं, आणि सहा महिन्यांनीही तो टिकून होता. म्हणून आठव्या दिवशी 'काहीच वाटत नाही' म्हणत वही मिटणाऱ्यांचा मला राग येतो.

आता कबुली. सेलिगमन यांच्या प्रयोगातले लोक इंटरनेटवरून आपणहून आलेले, आनंदी व्हायचंच म्हणून. सर्वांत जास्त फायदा झाला तो आठवड्यानंतरही लिहीत राहिलेल्यांना. पण वहीमुळे त्यांना बरं वाटलं, की बरं वाटत होतं म्हणून वही चालली? ते त्यातून कळत नाही. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात तर कृतज्ञतेच्या नोंदी आठवड्यातून एकदा करणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा करणाऱ्यांना नाही. 'रोज म्हणजे रोज' हा माझा जुना हट्ट तिथं डळमळला. हल्ली मी सात रात्री आणि नंतर फक्त रविवारी, असं सांगते. हा माझा अंदाज, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

आणि ज्या घरात नुकतंच माणूस गेलंय तिथं ही वही नेऊ नका. जेवणाचा डबा न्या, थोडं बसा. कुणाची झोप-भूक दोन आठवडे उडाली असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावून द्या.