दुसऱ्या पिंपातील सोंडे आणि मीच पाडलेले छिद्र

मागच्या नोंदीत मी मोठ्या दिमाखाने लिहिले होते की वर्षाच्या शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, साठवणीचा प्रश्न सुटला आहे. तो सुटलेला नव्हता. चोवीस जूनला दुसऱ्या क्रमांकाचे पिंप उघडले, तेव्हा झाकणाच्या आतल्या कडेवर पाच-सहा सोंडे, म्हणजे धान्य पोखरणारे किडे, फिरत होते, आणि हात कोपरापर्यंत घातल्यावर दाणे किंचित कोमट लागले. धान्य आतून कोमट लागणे म्हणजे आत कीड किंवा ओल आहे, हे इथल्या मंडळींना सांगण्याची गरज नाही. पहिले पिंप मात्र त्याच दिवशी, त्याच पोत्यांतून भरलेले असूनही स्वच्छ निघाले, आणि खरा मनस्ताप तिथूनच सुरू झाला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी थोडक्यात सांगतो. एप्रिलमध्ये मंगळवेढ्याकडचा मालदांडी शाळू दीडशे किलो घेतला, गच्चीवर दोन दिवस ऊन दिले आणि कडीचे झाकण असलेल्या शंभर लिटरच्या दोन निळ्या पिंपांत प्रत्येकी पंचाहत्तर किलो भरला. पहिले पिंप दिवाळीनंतर उघडायचे आणि दुसऱ्यातून दर आठवड्याला दळणापुरते काढायचे, असे ठरले होते. बेगमीचा हा सगळा खटाटोप का, हे २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या कोल्हापूरकराला समजते. पंचगंगेचे पाणी आमच्या मंगळवार पेठेतील घराच्या उंबऱ्यापर्यंत येत नाही. पण उपसा केंद्रे पाण्याखाली गेली की नळ कोरडा पडतो, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला की भाजी, दूध आणि पेट्रोल अडकते, आणि मग घरात जे असेल त्यावरच दिवस काढावे लागतात.

माझा पहिला संशय ओलाव्यावर गेला. काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर दाणे आणि चमचाभर भाजून कोरडे केलेले मीठ घालून बरणी हलवली. मीठ काचेला चिकटले असते, तर धान्यात पंधरा टक्क्यांहून अधिक ओल आहे असे मानावे लागले असते. मीठ चिकटले नाही, आणि दाणाही दाताखाली कट्कन तुटला. पिंपात बसवलेला आर्द्रतामापक काही वेगळेच सांगत होता, म्हणून त्याचीही परीक्षा घेतली. ओलसर मिठाच्या वाटीबरोबर तो बंद डब्यात रात्रभर ठेवला, तर त्याने ७५ टक्क्यांच्या आसपास आकडा दाखवायला हवा. याने ६७ दाखवला. स्वस्तातील आर्द्रतामापक ही परीक्षा घेतल्याशिवाय कुणीही वापरू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

दुसरा संशय झाकणावर होता. पिंप रिकामे करून सकाळी सावलीत घट्ट बंद केले आणि मग उन्हाची जी एक तिरीप मिळाली तीत ठेवले. आतली हवा तापून फुगली की फट असेल तिथून ती बाहेर पडणारच, म्हणून कडेने ब्रशने साबणाचा फेस लावला. रबराच्या कड्याभोवती एकही बुडबुडा आला नाही. बुडबुडे आले ते झाकणाच्या मध्यभागी, मापकाची वायर आत नेण्यासाठी मी स्वतः पाडलेल्या छिद्रातून. ते छिद्र मी दोन भाग मिसळून लावायच्या इपॉक्सी लुकणाने बुजवले होते आणि त्याचे कौतुकही याच नोंदींत केले होते. हे लुकण लोखंडाला आणि पीव्हीसीला उत्तम धरते, पण निळी पिंपे ज्या पॉलिथिलीनची असतात त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागाला ते धरतच नाही. नखाने उचकटले तेव्हा संपूर्ण टिकली अखंड हातात आली. आईने ती टिकली पाहिली आणि एवढेच म्हणाली, "अरे, भोकच पाडायचं होतं, तर झाकण कशाला आणलंस?"

छिद्र बुजवायला दहा मिनिटे लागली. स्कूटरच्या जुन्या ट्यूबमधून दोन वॉशर कापले, एक आतून आणि एक बाहेरून लावून मध्ये आखूड बोल्ट आवळला. पुन्हा फेस लावला, तेव्हा एकही बुडबुडा आला नाही. त्या संध्याकाळी झालेला आनंद खर्चाच्या मानाने फारच मोठा होता.

मात्र छिद्र हे एकच कारण नव्हते. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि भोक लिंपून टाकते, त्यामुळे चाळून किंवा पाखडून अंडी निघत नाहीत. ती शेतातून किंवा गोदामातून धान्याबरोबर घरी येतात आणि उबदार दिवसांत महिना-पाच आठवड्यांत त्यांतून किडे बाहेर पडतात. म्हणजे अंडी दोन्ही पिंपांत असणार हे उघड आहे. पहिले पिंप काठोकाठ भरलेले आणि तोवर न उघडलेले होते, त्यामुळे आतल्या किड्यांनी आपल्या वाट्याचा प्राणवायू स्वतःच संपवला. दुसऱ्या पिंपात मी दर आठवड्याला किलोभर धान्य काढून तेवढीच ताजी हवा आत सोडत होतो. छिद्र नसते, तरी माझ्या दळणानेच त्यांना जगवले असते.

इथे मेणबत्तीचा विषय निघेलच, म्हणून आधीच लिहितो. पिंपात पेटती मेणबत्ती ठेवून झाकण लावल्याने प्राणवायू संपतो, हा समज चुकीचा आहे. हवेतील प्राणवायू २१ टक्क्यांवरून सुमारे १६ वर आला की ज्योत विझते, आणि सोंडे मारायला तो तीन टक्क्यांच्या आसपास आणावा लागतो. धान्यातील कीड मारणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांबद्दलही विचारणा झाली होती. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू माणसालाही मारतो, त्यामुळे राहत्या घरात त्यांचा विचारही करू नये.

मग प्राणवायू शोषून घेण्यासाठी लोखंडाकडे वळलो. विकत मिळणाऱ्या प्राणवायूशोषक पुड्यांत मुख्यतः लोखंडाची पूड असते. एक ग्रॅम लोखंड गंजताना सुमारे तीनशे घनसेंटिमीटर प्राणवायू घेते. किडके धान्य वगळून माझ्याकडे बावन्न किलो शाळू उरला आहे. पिंपातील मोकळी जागा आणि दाण्यांमधील फटी मिळून त्यात साधारण ५८ लिटर हवा, म्हणजे जेमतेम १२ लिटर प्राणवायू असतो, आणि हिशेबाप्रमाणे चाळीस ग्रॅम लोखंड पुरायला हवे. पुड्यांची किंमत पाहिली आणि आमच्या गावातले कारखान्यांचे उद्यमनगर आठवले. ज्या गावात बिडाचे (ओतीव लोखंडाचे) ओतकाम आणि लेथकाम इतके चालते, तिथे लोखंडाची पूड विकत घेणे हा शुद्ध उधळेपणा ठरेल.

पोलादाचा कीस लांब, गुंडाळलेला आणि कातताना सोडलेल्या कूलंटने (थंडाव्याच्या द्रवाने) तेलकट झालेला असतो, तो उपयोगाचा नाही. बीड मात्र बहुधा कोरडेच कातले जाते आणि त्याचा चुरा बारीक पडतो. ओळखीच्या एका लेथवाल्याने दोन किलो चुरा असाच दिला. पैसे विचारले तेव्हा "शाळूची भाकरी पाठवा म्हणजे झालं, सर," असे म्हणाला. चुरा धुण्याच्या सोड्याने दोनदा धुतला, वाळवला, त्यातील वीस ग्रॅम मिठाच्या पाण्याने ओलसर केलेल्या लाकडाच्या भुशात मिसळून मलमलीच्या पुरचुंडीत बांधला आणि ती बरणीच्या तळाशी अडकवून बरणी पाण्याच्या ताटलीत पालथी घातली. बरणीच्या उंचीचा पाचवा भाग मोजून तिथे रबरबँड चढवले. पहिल्या दिवशी काहीच घडले नाही. दुसऱ्या दिवशी पाणी बोटभर चढले, आणि चौथ्या दिवशी सकाळी ते रबरबँडला टेकून थांबले ते थांबलेच. हवेतील प्राणवायू संपल्याचा इतका स्वस्त आणि इतका देखणा पुरावा मी यापूर्वी पाहिला नव्हता; घरातील प्रत्येकाला आणि गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या मुलालाही मी तो दाखवला.

या नोंदीचा एवढा भाग परवा लिहून झाला होता आणि अडीचशे ग्रॅम चुरा पिंपात टाकून मी झाकण लावणारच होतो. पण पहिले दळण काढताना ती सगळी मेहनत पुन्हा हवेत जाणार, हे लिहिता लिहिताच ध्यानात आले. त्यामुळे बेत बदलला आहे. पर्ड्यू विद्यापीठाने आफ्रिकेतील चवळीच्या साठवणीसाठी तिहेरी पिशवीची जी पद्धत विकसित केली, तीत जाड पॉलिथिलीनच्या दोन पिशव्या आणि बाहेर विणलेले पोते असते. माझ्याकडे पोत्याच्या जागी पिंप आहे. शाळूचे तेरा-तेरा किलोचे चार भाग करून प्रत्येक भाग दुहेरी जाड पिशवीत, चुऱ्याच्या पुरचुंडीसह, पिळून आणि दुमडून बांधायचा, आणि चारही पिशव्या पिंपात ठेवायच्या. महिन्याला एकच पिशवी उघडेल आणि बाकीच्या तीनांना पत्ताही लागणार नाही. हवा अडवण्याचे काम पिशवीचे आणि उंदीर अडवण्याचे काम पिंपाचे. छिद्र बुजवण्यात मी जो आठवडा घालवला तो या मांडणीत वाया गेल्यासारखाच आहे, पण बोल्ट काही काढणार नाही.

किडके धान्य सुपाने पाखडून चार-चार किलोंनी बर्फाच्या कप्प्यात पाच दिवस ठेवण्याचे काम सुरू आहे. ते पिठासाठी चालेल, फार टोकरलेले तीन किलो मावशीच्या कोंबड्यांना गेले. एप्रिलमध्ये मी दिलेले ऊनही अपुरे होते असे आता वाटते. पुढच्या वर्षी खाली काळे आणि वर पारदर्शक प्लास्टिक घालून धान्य तापवायचे आहे, म्हणजे दाण्याच्या आतील अंडीही भाजून निघतील.

बाकी आघाड्यांवर विशेष काही नाही. चटणी मे महिन्यातच डंकावरून कांडून आणली आहे आणि बरण्या कोरड्या आहेत. पाण्याची पिंपे धुऊन तयार आहेत. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी जवळ आली की ती भरायची, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहायची नाही, हा नियम कायम आहे.

पिशव्या काल बांधल्या. प्रत्येकीत भोके पाडलेल्या गोळ्यांच्या डबीत वीस जिवंत सोंडे साक्षीदार म्हणून ठेवले आहेत आणि पिंपावर खडूने तारीख लिहिली आहे. पहिली पिशवी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी उघडेन; त्या डबीत किती जण हलतात ते मोजून इथे लिहीन.