वादनातून घडलेले संशोधन
आजचा दिवस जॅझ पियानोवादक विजय अय्यर यांचा बर्कली (कॅलिफोर्निया विद्यापीठ) येथील १९९८ सालचा पीएच.डी. प्रबंध वाचण्यात गेला. भौतिकशास्त्राकडून संगीताकडे वळलेल्या या कलावंताने, पश्चिम आफ्रिकी आणि आफ्रिकी-अमेरिकी संगीतातील लय केवळ बुद्धीने मोजली जात नसून चालणाऱ्या, श्वास घेणाऱ्या, वाद्यावर बोटे टेकवणाऱ्या शरीरातून घडते, असे त्यात मांडले आहे. ड्रमवरचा एखादा ठोका किंचित उशिरा पडल्याने लयीला जो डौल येतो, तो स्वरलिपीत उमटतच नाही. म्हणूनच असा प्रबंध वाजवणाऱ्यानेच लिहावा, असे मला ठामपणे वाटते. २०१४ पासून अय्यर हार्वर्ड विद्यापीठात शिकवतात आणि मैफलीही करतात. उद्या त्यांच्या तीन वादकांच्या संचाचे ध्वनिमुद्रण, पियानो आणि ड्रमच्या ठोक्यांतील अंतराकडे लक्ष देत, पुन्हा ऐकणार आहे.