आमची वाटचाल: काउंटरच्या आधी पलंग

पुण्यात दुकान उघडलं तेव्हा काउंटर बनवायच्या आधी पलंग आणला. लोकांना ते विचित्र वाटलं. पण सीपॅपचा, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून दाबाने हवा सोडणाऱ्या मशीनचा मास्क बसलेल्या माणसावर मापायचा नसतो. आडवं झालं की गाल सैल पडतात, जबडा मागे सरकतो आणि बसून नीट वाटलेला मास्क मध्यरात्री डोळ्यांत हवा सोडतो. म्हणून पेशंटला झोपवायचं, डॉक्टरांनी ठरवलेलं हवेचं प्रेशर 12 असेल तर 12 वर मशीन लावायचं, कुशीवर वळवायचं आणि मगच पट्टे लावायचे. नाकाची रुंदी मापायची प्लास्टिकची पट्टी अजून माझ्या खिशात असते, तिच्यावरचे आकडे पुसट झालेत.

मग समोरच एकाने दुकान टाकलं. मशीनबरोबर मास्क फुकट, आणि सगळ्यांना मीडियम! डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तिकडे वळल्या, आमचं भाडं थकलं, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. त्याहून सलतं ते वेगळंच. तिथली गिऱ्हाइकं 'मशीन मानवत नाही' म्हणून ते कपाटात टाकायची. मशीनचा दोष नव्हता, मास्कचा साइज चुकला होता. एका गृहस्थांनी तर मास्कची पुढची बारीक छिद्रं लीक समजून चिकटपट्टीने बुजवली होती. उच्छ्वास बाहेर जायची वाटच ती! त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा आम्हाला तारलं ते एसटीतून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हरकाकांनी. झुपकेदार मिशी, त्यामुळे नाक-तोंड झाकणारा फुल फेस मास्क बसेना. मिशी काढा म्हणायला जीभ रेटेना. शेवटी नाकपुड्यांशी टेकणाऱ्या नेझल पिलो दिल्या, तोंड उघडं पडू नये म्हणून हनुवटीला पट्टा. आठवड्याने मशीनमधलं नोंदीचं कार्ड वाचलं, तर लीक मिनिटाला 40 वरून 9 लिटरवर. त्यानंतर काका डेपोतल्या घोरणाऱ्या ड्रायव्हरांना एकेक करून घेऊन यायचे आणि त्यांचं माप होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहायचे.

तुम्ही मास्क वापरत असाल तर पट्टा आवळू नका, हवा सुटली की मास्क क्षणभर चेहऱ्यापासून उचलून पुन्हा टेकवा. सिलिकॉन रोज सौम्य साबणाने धुवा, चेहऱ्याच्या तेलाने ते घसरतं. तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल तर चुंबकाच्या क्लिपांचा मास्क घेऊ नका.

समोरचं दुकान पुढे बंद पडलं. तिथले मास्क पिशवीत घालून लोक अजून आमच्याकडे येतात. मी त्यांना पलंगावर झोपवतो, माप घेतो. मापाचे पैसे घेत नाही.