भोवळ लिहा, भाऊसाहेब

5 ऑगस्ट 2024 ही तारीख लक्षात राहिली, कारण तो पहिला श्रावणी सोमवार होता. त्या वर्षी श्रावण लागलाच सोमवारी. माझ्या एस.वाय.च्या वर्गातल्या निम्म्या पोरी उपाशी होत्या. सकाळी चहा घ्यायचा, एसटी पकडायची आणि दुपारी घरी जाऊन साबुदाणा खायचा, असा त्यांचा बेत असतो.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात इंग्रजी शिकवते. मुलं बहुतेक मराठी माध्यमातली. शेक्सपिअर नुसता वाचून दाखवला तर दहा मिनिटांत मागचे बाक पेंगतात, म्हणून मी पात्रं वाटून देते आणि पुढं येऊन उभ्यानं वाचायला लावते. त्या दिवशी ‘ज्युलिअस सीझर’चा पहिला अंक, दुसरा प्रवेश होता. कॅस्का कोण होणार विचारलं तर सगळ्यांच्या माना वहीत. शेवटी खिडकीजवळची एक मुलगी उठली. उच्चार थेट गावाकडचे, पण ही पोरगी अर्थ कळून वाचायची. ब्रूटस एक शांत मुलगा झाला, कॅशिअस त्याच्या शेजारचा.

प्रसंग मजेदार आहे. बाजारचौकात अँटनी सीझरला तीनदा मुकुट देऊ करतो, सीझर तीनदा नको म्हणतो आणि भर गर्दीत खाली कोसळतो. हे सगळं कॅस्का खवचटपणे सांगतो. म्हणे, लोकांनी जयजयकार करताना तोंडातली इतकी घाण हवा सोडली की सीझर गुदमरलाच. मी तर हसलोही नाही, तोंड उघडलं असतं तर ती हवा आत गेली असती. इथं वर्ग खिदळला. मग कॅशिअस विचारतो, काय, सीझरला ‘स्वून’ आला?

मी वाचन थांबवलं आणि शब्द फळ्यावर लिहिला. मराठीत काय म्हणाल?

इंग्रजीत एरवी तोंड न उघडणारी मुलं अशा वेळी सुटतात. चक्कर. घेरी. भोवळ. “झीट, मॅडम. आमची आजी झीट म्हणते.” एकजण म्हणाला, मूर्च्छा. लगेच मागून आवाज आला, “मूर्च्छा फक्त लक्ष्मणाला येते!” खरंच आहे ते. मराठीत कोण पडलं, कुठं पडलं यावर शब्द ठरतो. उन्हात रांगेत उभ्या बाईला भोवळ येते, म्हाताऱ्याला घेरी येते, आणि मूर्च्छा यायला रणांगण नाहीतर नाटक तरी लागतं.

एकानं बाकाखाली मोबाइल काढला होता. “मॅडम, यात ‘भाळणे’ दाखवतंय.” मग त्यांना फ्रँक सिनात्राची गोष्ट सांगितली. 1940 च्या दशकात न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरात तो गायला लागला की शाळकरी पोरी किंचाळायच्या, भोवळ येऊन पडायच्या. वर्तमानपत्रांनी त्याचं नावच ‘स्वूनात्रा’ करून टाकलं. खरोखर पडणं आणि जीव ओवाळून टाकणं, दोन्ही त्या एका शब्दात. “म्हणजे फिदा,” मुलं म्हणाली. हो, फिदा.

तेवढ्यात मोबाइलवाल्यानं आणखी एक काढलं. त्या सकाळी शेअर बाजार आपटला होता. जपानचा निक्केई एका दिवसात बारा टक्क्यांहून जास्त खाली गेला आणि आपला सेन्सेक्स दिवसअखेर 2,222 अंकांनी घसरला. इंग्रजी मथळे लिहिणारे अशा घसरणीलाही स्वून म्हणतात. बाजाराला भोवळ आली, असं मराठीत म्हणाल का? नाही म्हणाले. गडगडला, कोसळला, आपटला. “कांदा गडगडतो,” एकजण म्हणाला. त्याचे वडील आदल्या आठवड्यात सोलापूर मार्केट यार्डात कांदा घालून आले होते. “भोवळ आमच्या बापाला येते.” पुन्हा हशा. मी खुशीत होते. तास असा रंगला की मला वेळेचं भान राहत नाही, आणि माझी तीन पात्रं अजून फळ्यापाशी उभी आहेत हे मी विसरले होते. वीज गेलेली, पंखा बंद, बाहेर मळभ.

मी म्हटलं, चला पुढं. कॅस्का सांगतो की सीझर बाजारात पडला, तोंडाला फेस आला, वाचा बंद झाली. त्यावर ब्रूटसचं वाक्य आहे, शक्य आहे, त्याला ‘फॉलिंग सिकनेस’ आहे. म्हणजे आपलं फेफरं. मुलांना मी एवढंच सांगितलं की रोमन लोक याला सभेचा रोग म्हणायचे, कारण सभेत कुणाला झटका आला तर अपशकुन मानून सभाच तहकूब करायचे. सीझरला हा आजार होता असं प्लुटार्क आणि सुएटोनिअस या जुन्या चरित्रकारांनी, दोघांनीही, लिहून ठेवलंय. प्रवेशातली खरी गंमत मात्र कॅशिअसच्या उत्तरात आहे. तो म्हणतो, सीझरला नाही, तो रोग तुला, मला आणि या कॅस्काला आहे. आजाराचं नाव उचलून तो ते सरळ सीझरपुढच्या आपल्या लाचारीला लावतो.

हे मी सांगत असतानाच कॅस्का पडली.

पुस्तक आधी पडलं. मग गुडघे, मग खांदा टेबलाच्या कडेला लागून ती खाली. आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, ती करून दाखवतेय. खोटं का सांगू, दोन सेकंद मलाही तसंच वाटलं. मी हसतच होते. मग तिचा चेहरा दिसला. ओठांसकट पांढरा, कपाळावर घामाचे थेंब. हात मनगटापासून तीन-चारदा झटकले गेले आणि थांबले.

पुढची पाच मिनिटं नीट क्रमानं आठवत नाहीत. दोन मुलींनी तिला उचलून बाकावर बसवलं, मीही बसवू दिलं. मान एका बाजूला पडत होती. दारात ऑफिसातली माणसं जमली. आमचे भाऊसाहेब, म्हणजे हेडक्लार्क, माणूस चांगला, पण बोलणं मोठ्यानं. ते दारातूनच म्हणाले, “हात झाडले का? मग फेफरं ओ. चप्पल हुंगवा.” शिपाईमामा पायातली चप्पल काढून पुढं आलेसुद्धा.

तिनं डोळे उघडले तेव्हा नाकापासून वीतभर अंतरावर ती चप्पल होती. टाचेपाशी झिजलेली, एक अंगठा तारेनं बांधलेला. तिनं चपलेकडं बघितलं, मग मामांकडं, मग सगळ्या वर्गाकडं. आणि म्हणाली, “मॅडम, माझं पुस्तक कुठंय?”

ग्रामीण रुग्णालय कॉलेजपासून रिक्षानं पाच मिनिटांवर. तिथल्या डॉक्टर वयानं माझ्याहून लहान. त्यांनी बोटाला टोचून साखर बघितली, झोपवून आणि मग उभं करून बीपी घेतलं, ईसीजी काढला. पण त्याहून जास्त वेळ त्यांनी प्रश्नांना दिला. पडायच्या आधी काय झालं? “मळमळलं. कानांत गुं आवाज आला, डोळ्यांपुढं अंधारी आली.” सकाळपासून काय खाल्लंस? चहा. एसटीत बसायला जागा? नाही. मग मला विचारलं, झटके किती वेळ होते? जीभ चावली का? शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलली?

पुस्तक मागितलं म्हटल्यावर त्या हसल्या. फिटमधून बाहेर आलेला माणूस बराच वेळ भांबावलेला असतो, म्हणाल्या, आपण कुठं आहोत हेच त्याला कळत नाही. हिला सगळं कळत होतं. ही साधी भोवळ आहे. बराच वेळ उभं राहिलं, पोट रिकामं असलं, उकाडा असला की बीपी एकदम उतरतं, हृदयाचे ठोके मंदावतात, मेंदूला रक्त कमी पोचतं. अशा वेळी चार-दोन झटके साध्या भोवळीतही येतात, लोक उगाच घाबरतात. “बसवलंत का तिला? बसवायचं नसतं. आडवं ठेवायचं, पाय उंच करायचे. पडणं हाच त्यावरचा इलाज असतो, शरीर तो आपणच करतं.” मी मान खाली घातली. तासभर उभं कुणी ठेवलं होतं, तेही मलाच माहीत होतं.

कॉलेजात परत आले तर नोंदवहीत नोंद झालेली. भाऊसाहेबांच्या सुंदर, वळणदार अक्षरात: “सदर विद्यार्थिनीस वर्गात तास चालू असताना फिट आली.”

मी तडकलेच. म्हटलं, हे खोडा. डॉक्टरांनी भोवळ सांगितलीय. भाऊसाहेबांना कळेना मी एवढी का पेटलेय. “एकच की हो मॅडम. पडली म्हणजे पडली.” मी म्हणाले, “एकच नाही. असलं काही लिहून ठेवू नका, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. भोवळ लिहा.” ऑफिसात स्कॉलरशिपच्या अर्जांची रांग होती. मी मोठ्यानं बोलले, आणि मला वाटलं चांगलंच केलं, रांगेतल्या मुलांनाही खरं काय ते कळू दे.

नोंदवहीत खाडाखोड करायची तर नियम आहे. एकच आडवी रेघ मारायची, मूळ शब्द वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही करायची. भाऊसाहेबांनी पट्टी लावून रेघ मारली, वर ‘भोवळ’ लिहिलं आणि वही माझ्याकडं सरकवली. त्यामुळे त्या पानावर ‘फिट’ अजूनही स्पष्ट वाचता येतं, आणि त्याला चिकटून माझी सही आहे.

चारच्या सुमाराला मुलीचे चुलते आले. पांढरी टोपी, हातात मोटारसायकलची किल्ली. पुतणीकडं जायच्या आधी त्यांनी मला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. “मॅडम, खरं सांगा. फेफरं तर नाही ना? दिवाळीनंतर बघायला सुरुवात करायची म्हणतोय. गावात चपलेची बातमी आमच्या आधी पोचली.” मी त्यांना ईसीजीचा कागद दाखवला, डॉक्टरांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. त्यांचा चेहरा निवळला. कागदाचा मोबाइलवर फोटो घेतला त्यांनी, दोनदा. हिंदू विवाह कायद्यातसुद्धा वारंवार येणारं फेफरं लग्नाला अडसर म्हणून लिहिलेलं होतं, तो शब्द 1999 च्या दुरुस्तीनं काढला. पाहुण्यांच्या बैठकीतून तो अजून निघायचाय. हे मला ठाऊक होतं, म्हणून तर मी भांडले होते, आणि घरी जाताना स्वतःवर थोडी खूशही होते.

एसटी स्टँडवर ब्रूटस भेटला. म्हणजे भेटला नाही, माझी वाट बघत थांबला होता. हातात स्कॉलरशिपच्या अर्जाची पोचपावती.

“मॅडम, ती बरी आहे ना?”

बरी आहे, म्हटलं. साधी भोवळ होती, बाकी काही नाही.

“हां. ऐकलं मी, ऑफिसात.” थोडा वेळ तो पावतीची घडी घालत राहिला. उभी, मग आडवी. “मॅडम, मला आहे ते. पाचवीपासून. रोज गोळी घेतो. दोन वर्षांत एकदाही नाही आलं.”

मी काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. अरे, मला तसं म्हणायचं नव्हतं, वगैरे. तो “नाही नाही मॅडम” म्हणत राहिला. उलट मलाच सावरत होता. मग त्याची गाडी लागली. पायरीवर एक पाय ठेवून त्यानं विचारलं, “बुधवारी ब्रूटस मीच ना?”

बुधवारी मी खुर्च्या मांडल्या. पात्रं बसून वाचणार असं जाहीर केलं, त्यावर मागून कुणीतरी “मॅडम घाबरल्या” म्हणालं. कॅस्का आली होती. मला दिसेल असा तिनं राजगिऱ्याचा लाडू टेबलावर ठेवला. उपास नव्हता तरी. मी त्यांना ते राहिलेलं पान काढायला सांगितलं आणि मनात म्हटलं, ते वाक्य गाळावं का? मोजकेच शब्द, गाळले तर कुणाला कळणार होतं.

मी काही बोलायच्या आत त्यांनी सुरुवात केली होती. सीझर बाजारात पडला, फेस आला, वाचा बसली, हे कॅस्कानं सांगितलं. ब्रूटसनं पुस्तकातून मान वर केली, वाक्य त्याला पाठ होतं. ‘फॉलिंग सिकनेस’ हे दोन शब्द त्यानं सावकाश, नीट म्हटले. माझ्याकडं न बघता. आणि कॅशिअस आपली ओळ विसरून बाहेर बघत होता, म्हणून त्याला कोपरानं ढोसलं.