मोठ्यांना एकच

२१ फेब्रुवारीच्या मातृभाषा दिनासाठी शाळेत जिन्याजवळच्या भिंतीवर भाषांचं झाड करताहेत. हिरव्या कार्डपेपरची पानं, प्रत्येकाने आपली भाषा लिहून चिकटवायची. ऑफिसातल्यांनीसुद्धा. माझं पान अजून कोरंच आहे.

सकाळी आसगावचा तो मुलगा आला होता, आईबरोबर. वडील इटलीचे, आई दिल्लीची. फीची पावती फाडेपर्यंत त्याने तीन पानं लिहिली आणि चौथं मागितलं. टीचरने कौतुकाने दिलं. मी दोन मागितली तर हसली. "ताई, मोठ्यांना एकच. कोंकणी की मराठी, ठरवा ना!"

ठरवा ना म्हणे. पुण्याहून गोव्यात येऊन दोन वर्षं नाही झाली तिला.

आमच्या पेडण्याच्या घरात बोलणं, भांडणं सगळं कोंकणीत. आरती, भजन, पेपर मराठीत. माझी शाळाही मराठी. आई मामाला पत्र लिहायची ते मराठीत, आणि तो आला की दारातूनच कोंकणीत सुरू. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. वावगं दिसायला लागलं ते राजभाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा. १९८७ साली कायदा झाला, देवनागरी कोंकणी राजभाषा आणि मराठीच्या वापराचीही सोय. विधानसभेलाही एका शब्दात उरकता आलं नाही ते! बाबा आणि काका मात्र एकमेकांशी बोलेनासे झाले. तो अबोलाही कोंकणीतच. पुढे जमिनीचं झालं ते वेगळंच, जाऊ दे.

राग टीचरचा नाहीच. त्या पोराचाही नाही. हेवा आहे, आणि आठ वर्षांच्या मुलाचा हेवा वाटतो हे लिहितानाही लाज वाटते. पण त्याच्या चार भाषा म्हणजे हुशारी आणि माझ्या दोन म्हणजे भानगड, असं का? त्याला कुणी विचारत नाही, तू नक्की कुणाचा. मला जन्मभर दोन्हीकडचे विचारत आलेत.

दुपारी मोरजीची रशियन मुलगी बाटली घेऊन आली. "बाय, माका उदक जाय." पाणी हवं म्हणे, तेही कोंकणीत! घरमालकिणीकडून शिकली असणार. इतकं बरं वाटलं की बाटली भरून वर एक चॉकलेटही दिलं. मग लगेच आठवलं, माझाच भाचा मला इंग्रजीत उत्तरं देतो. त्याच्यावर आज काही लिहीत नाही.

वॉचमनने तर काही विचारच केला नाही. घरी लमाणी बोलतो, पानावर 'कन्नड' लिहून मोकळा. म्हटलं, असं कसं? तर म्हणाला, "मॅडम, शाळेत कन्नडच होतं ना."

उद्या कोंकणीचं पान लावणार. २७ला मराठी भाषा गौरव दिन आहे, त्या दिवशी दुसरं. टीचरने विचारलं तर बघू. कार्डपेपरची मागणी माझ्याच सहीने जाते.