आवाजाची तक्रार

पावसाळ्यात आमचं झाडं छाटण्याचं काम उघडिपीवर चालतं. ओल्या सालीवर माणूस चढवायचा नाही, हा माझा नियम. जुलैतल्या त्या शनिवारी सकाळीच कडक ऊन पडलं, म्हणून नेरुळच्या एका सोसायटीतलं रेनट्रीचं काम आधी घेतलं. ऑर्डरवर लिहिलं होतं, ‘धोकादायक फांद्यांची छाटणी’. सोबत मे महिन्यात मीच केलेल्या पाहणीचा कागद. रस्त्याकडे झुकलेल्या दोन फांद्या, खाली माझी सही. स्वतःचाच कागद, म्हणून मी झाड पुन्हा नीट पाहिलं नाही. ते अजून मनातून जात नाही.

मोठी फांदी एका घावात काढायची नसते. आधी शेंड्याकडचं वजन कमी करायचं, मग खोडापासून हातभर अंतरावर खालून थोडा काप द्यायचा आणि त्याच्या जरा पुढे वरून कापायचं. खालचा काप दिला नाही तर फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते आणि त्या जखमेतून झाड कुजायला लागतं. राहिलेला खुंट शेवटी काढायचा, तोही फांदीच्या बुडाशी असलेला फुगवटा राखून, कारण जखम तिथूनच भरून येते. रस्त्याकडेला सोललेली, खुंट ठेवलेली झाडं दिसली की मला चीड येते. ट्रकच्या खेपा मोजून पैसे दिले की अशीच कामं होणार. आम्ही फांदी दोराने बांधून, बुंध्याला वेढा घेऊन, हळूहळू खाली सोडतो. वेळ दुप्पट लागतो, त्यावरून मी बोलणीही खातो.

पहिली फांदी निम्मी खाली आली होती आणि वरून आमचा चढणारा ओरडला. कर्जतकडचा ठाकर आहे, वीस वर्षं झाडावर काढलेला माणूस. “दादा, मशीन बंद कर! पोरं हायत वर!”

करवत थांबली, ट्रकचं इंजिन थांबलं, आणि तेव्हा मला झाड ऐकू आलं. टक्-टक्-टक्-टक्, दोन लाकडी पट्ट्या एकमेकींवर आपटत राहाव्यात तसं, शेंड्यापासून बुंध्यापर्यंत. वंचक आणि रातबगळे, दोन्ही बगळ्यांच्याच जाती. अख्खी वसाहत होती, आणि मी मशीन लावून तिच्याखाली उभा होतो.

उतरवलेल्या फांदीवर काटक्यांची दोन घरटी होती. पाच पिल्लं. दोन फांदी हलली तेव्हाच फरशीवर पडून मेली होती. तीन डहाळ्यांना पंजे रुतवून होती. एकाला उचललं तर भीतीने त्याने माझ्या हातावर ओकारी काढली. अर्धी पचलेली निवटी, म्हणजे चिखलातले छोटे मासे. आमच्या घरी आई निवट्यांचं कालवण करते, त्यामुळे ती कुठली ते सांगावं लागलं नाही. खाडीकाठचा चिखल आणि भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला सिडकोने ठेवलेले होल्डिंग पाँड, दोन्ही तिथून जवळ. पिल्लांना चारायला याहून सोयीची जागा बगळ्यांना कुठे मिळणार?

मी 1926 वर, वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि काम बंद केलं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं हे शिकारीतच मोडतं. सेक्रेटरींना हे सांगितलं तर ते म्हणाले, “ऑर्डर आहे ना तुमच्याकडे? मग कापा.” चारचौघं जमले. गाड्यांवरची घाण, मासळीचा वास, पावसाळाभर बंद ठेवलेल्या खिडक्या. खोटं काहीच नव्हतं. पहिल्या मजल्यावरच्या काकू सगळ्यांत शेवटी बोलल्या. काकांना अर्धांगवायू झालेला, रात्री दोन-अडीचला झाडावर गलका सुरू झाला की ते दचकून जागे होतात, मग पहाटेपर्यंत डोळा नाही. त्यांनी फोनवर मूळ तक्रार दाखवली. जूनअखेरची. ‘पिल्लांच्या आवाजाने झोप लागत नाही.’

पिल्लांच्या! तो शब्द त्यांनी स्वच्छ लिहिला होता. पण आमच्या ऑफिसात आवाजाच्या तक्रारीसाठी रकानाच नाही. धोकादायक फांदी म्हटलं की फाइल हलते, म्हणून कोणीतरी माझा मे महिन्यातला कागद काढून जोडला. मे महिन्यात त्या झाडावर एकही घरटं नव्हतं. काकूंचं पत्र माझ्या हातात पडलं असतं तर मी करवत गाडीतून काढलीच नसती.

वनखात्याची माणसं येऊन तिन्ही पिल्लं खोक्यातून घेऊन गेली. दुसरी फांदी खरंच झुकलेली होती. तिला गोणपाट गुंडाळून जाड दोराने मुख्य खोडाशी आवळलं आणि खालची पार्किंगची जागा दोरी बांधून बंद केली.

रात्री दहाला मी पुन्हा तिथे गेलो. रेनट्री अंधार पडला की पानं मिटते, त्यामुळे दिवसा जे झाकलेलं होतं ते खांबाच्या दिव्यात उघडं पडलं होतं. सतरा घरटी मोजली. वंचक दिवसा चरून येतात, रातबगळे तिन्हीसांजेला बाहेर पडतात. त्या झाडाला दोन पाळ्या आहेत, आणि रात्रपाळी काकांच्या खिडकीसमोर. अर्धा तास उभा राहिलो, डोकं भणभणलं.

काकू खिडकीतच होत्या. “किती दिवस चालेल रे हे?”

अंड्यापासून उडेपर्यंत दोन महिने धरा, म्हणालो.

“म्हणजे पितृपक्षापर्यंत,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या दोन पोरांनी काकांचा पलंग मागच्या खोलीत हलवून दिला. आवाज तिथेही येतो, पण कमी.

दोर टिकला. ऑक्टोबरमध्ये दुसरी फांदी उतरवली, त्यावर तीन रिकामी घरटी होती. काकू खाली आल्या आणि खोक्यातली तीन पिल्लं जगली का विचारलं. जगली, खाडीवर सोडली, मी सांगितलं. त्या हसल्या. बाकीच्या दोघांचं त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मलाही सांगवलं नाही.