नंतर काढू म्हणून ठेवलेलं सामान

लुगनविल, सान्तो बेट, वानुआतू. रात्री

आज प्रेसिडेंट कूलिज या बुडालेल्या अमेरिकी जहाजावर 40 मीटरपर्यंत उतरले. अंग थकलंय, पण झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले.

इथे बोट लागतच नाही. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं आणि उताराच्या कडेने खाली जायचं. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, साधारण 20 मीटरवर, मागचं टोक पार 70 मीटरच्या आसपास. जहाज डाव्या कुशीवर आडवं पडलंय, त्यामुळे आत शिरलं की भिंतीची जमीन झालेली असते आणि दिशा कळायला वेळ लागतो. त्या खोलीवर दाब पाचपट, टाकीतली हवाही तितक्याच झपाट्याने संपते. त्यात खोल पाण्यात श्वासातल्या नायट्रोजनमुळे येणारी गुंगी. गाइडने टॉर्च फिरवला तेव्हा 'द लेडी' दिसली: चिनीमातीची बाई, सोबत युनिकॉर्न, म्हणजे गोष्टीतला एकशिंगी घोडा. गुंगीत ती फारच जिवंत वाटली.

पण मन अडकलंय ते जहाजात पडलेल्या हेल्मेट, बंदुका आणि गॅस मास्कपाशी. 26 ऑक्टोबर 1942 ला हे जहाज सैनिक घेऊन सान्तोच्या बंदरात शिरत होतं आणि अमेरिकेनेच पेरलेल्या सुरुंगांवर गेलं. सुरक्षित वाट कुठली, हे कप्तानाला मिळालेल्या आदेशांत नव्हतंच. त्याने जहाज तडक किनाऱ्याच्या प्रवाळावर चढवलं. सामान राहू द्या, नंतर काढता येईल, असं सांगून सगळ्यांना उतरवलं. 5,000 हून जास्त माणसं वाचली. मग दीडेक तासात जहाज कलंडलं आणि उतारावरून खाली घसरलं. म्हणजे मी आज पाहिलं त्या बहुतेक सामानाचे मालक त्या दिवशी जिवंत किनाऱ्यावर पोचले होते. एवढ्या खोल अंधारात याचा मला केवढा आधार वाटला!

दोघे मात्र गेले. एक इंजिनरूममधला कामगार, पहिल्याच स्फोटात. दुसरा लष्करातला कॅप्टन एल्वुड युअर्ट. तो सुखरूप बाहेर पडला होता. जहाजावरच्या दवाखान्यात माणसं अडकलीत असं कळल्यावर परत आत गेला, त्यांना बाहेर काढलं, आणि त्याला स्वतःला काही निघता आलं नाही. त्याचे अवशेष सापडले 2012 मध्ये. घरी, अमेरिकेत ऱ्होड आयलंडला, दफन झालं 2016 मध्ये. त्याच्या माणसांनी किती वर्षं वाट पाहिली असेल...

वर येताना प्रवाळाच्या बागेत बराच वेळ थांबावं लागतं, शरीरात विरघळलेला जादा नायट्रोजन हळूहळू निघून जाईपर्यंत. भोवती रंगीत मासे होते, पण माझ्या डोक्यात फक्त तो दरवाजा होता, ज्यातून तो परत आत शिरला.

जहाजावरचं काहीही न्यायला 1983 पासून बंदी आहे, ते योग्यच झालं. तरी लोक हेल्मेट घालून, बंदूक रोखून फोटो काढतात. मला ते बघवत नाही. उद्या पाण्यात उतरण्याआधीच गाइडला सांगणार आहे, माझ्या हातात यातलं काही देऊ नका.